पायाला चिठ्ठी नसलेला पक्षी

संग्रहालयाच्या कपाटात जपून ठेवलेल्या पक्ष्याच्या पायाला दोऱ्याने एक छोटी चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कधी मिळाला, कुठे मिळाला, नर की मादी, कुणी गोळा केला, एवढा मजकूर तिच्यावर असतो. काटेकोर संग्राहक डोळ्याचा आणि चोचीचा रंगही लिहून ठेवत, कारण कातडे वाळले की हे रंग उडून जातात. ही चिठ्ठी तुटून हरवली, तर मागे उरतो तो कापूस भरलेला एक देखणा पक्षी. शोकेसमध्ये ठेवायला तो चालेल. अभ्यासाला त्याचा फारसा उपयोग नाही.

पक्षी, फुलपाखरे आणि रानफुले यांचे फोटो काढण्याचा छंद गेल्या वीसेक वर्षांत महाराष्ट्रात तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला आहे. शिक्षक, डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले, शेतकरी, कॉलेजातली मुले, सगळ्यांच्या हातात आज चांगला कॅमेरा नाहीतर चांगला मोबाइल आहे. लेन्स कोणती घ्यावी आणि शटरचा वेग किती ठेवावा, हे सांगणारी माणसे पुष्कळ आहेत. मला बोलायचे आहे ते फोटोच्या पायाला बांधायच्या चिठ्ठीबद्दल. तिच्यावाचून या छंदातून हाती येणारी माहिती कशी वाया जाते, आणि तीच चिठ्ठी नको त्याच्या हाती पडली तर घात कसा होतो, हे दोन्ही सांगायचे आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. जीवसृष्टीबद्दल जे काही कळले ते जुनी नियतकालिके वाचून आणि जाणत्या माणसांच्या मागे हिंडून. त्यामुळे पुढचे विवेचन थोडे हिशेबनिसाच्या नजरेचे वाटले, तर वाचकांनी समजून घ्यावे.

हा छंद बंदुकीच्या जागी आलेला आहे, हे आज आपल्या लक्षातही येत नाही. एकोणिसाव्या शतकात पक्षी ओळखायचा म्हणजे तो पाडायचा, हीच रीत होती. खिशात मावणारी सचित्र पुस्तके नव्हती आणि पिसांचे बारकावे हातात घेतल्याशिवाय दिसत नव्हते. सालिम अलींची गोष्ट बहुतेकांना ठाऊक आहे. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखता येईना, म्हणून १९०८ साली ते ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथे मिलार्डसाहेबांनी त्यांना संग्रहातले पक्षी उघडून दाखवले. फुलपाखरांच्या बाबतीत बंदुकीचे काम जाळी आणि टाचणी करत होती, फुलांच्या बाबतीत वजनाखाली दाबलेले कागद. एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने रानवाटेवर तार बांधून, वाघाच्याच पायाने कॅमेरा उडवून घेतलेल्या फोटोंचे पुस्तक १९२७ साली काढले; पण तेव्हा आणि नंतरही बराच काळ रानात जाणे म्हणजे शिकारीला जाणे, हाच अर्थ रूढ होता. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि हौशी माणसाच्या हातात कॅमेरा राहिला. उत्तमच झाले. मात्र या अदलाबदलीत एक सवय मागे पडली. पक्षी पाडणारा संग्राहक कितीही निष्ठुर असला, तरी चिठ्ठी बांधायला चुकत नव्हता.

चिठ्ठीची किंमत काय असते, हे रानपिंगळ्याच्या इतिहासाइतके दुसऱ्या कशातून कळत नाही. आणि तो इतिहास आपल्या खानदेशाशी बांधलेला आहे. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांना आजच्या छत्तीसगड-ओडिशाच्या बाजूला एक लहान घुबड मिळाले. पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी (काँग्रेसच्या स्थापनेतले ह्यूम ते हेच) ब्लेविट यांचेच नाव देऊन ती नवी जात म्हणून जाहीर केली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला खानदेशात मुलकी नोकरीवर असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागात आणखी काही पक्षी मिळवले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू जमिनीत गडप झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून बोटांवर मोजण्याइतकी कातडी, आणि रानात पाहिलेला माणूस एकही नाही.

या मोजक्या कातड्यांपैकी एकाची चिठ्ठी वेगळेच सांगत होती. कर्नल रिचर्ड माइनर्त्झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९५४ साली आपला सुमारे २०,००० पक्ष्यांचा संग्रह लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाला दिला होता. त्यातल्या रानपिंगळ्याच्या चिठ्ठीवर साल होते १९१४ आणि ठिकाण होते गुजरातेतले, तापीच्या खोऱ्यातले. ती खरी मानली, तर हा पक्षी १८८४ नंतर तीस वर्षांनी गुजरातेत होता, आणि शोधायचा तर तिथेच शोधायला हवा. १९७०च्या दशकात सालिम अली आणि अमेरिकन पक्षितज्ज्ञ डिलन रिप्ले यांनीही या पक्ष्याचा शोध घेतला. हाती काही लागले नाही. मधल्या काळात रानपिंगळ्याचे म्हणून काही फोटोही पुढे आले. ते साध्या पिंगळ्याचे निघाले, जो आपल्या अंगणातल्या चिंचेवरही असतो.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षितज्ज्ञ दक्षिण आशियातल्या पक्ष्यांच्या मोठ्या मार्गदर्शक ग्रंथासाठी जुनी कातडी तपासत होत्या. माइनर्त्झहागेनच्या संग्रहात दुसऱ्यांनी मिळवलेले पक्षी नव्या चिठ्ठ्या बांधून घुसवलेले असावेत, असा संशय तोपर्यंत उघडपणे मांडला गेला होता. रानपिंगळ्याचे ते कातडे उसवून पुन्हा भरलेले निघाले. एक्स-रे काढून आणि इतर कातड्यांशी ताडून पाहिल्यावर त्यात डेव्हिडसन यांची पक्षी भरण्याची खास पद्धत दिसून आली. म्हणजे तो १९१४ सालचा गुजरातेतला पक्षी नव्हताच. तो होता संग्रहालयातूनच चोरलेला, डेव्हिडसन यांनी खानदेशात मिळवलेला पक्षी. कर्नलने फक्त चिठ्ठी बदलली होती.

ते खोटे ठिकाण यादीतून काढून टाकल्यावर खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे तेवढी उरली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट यांनी ती गावे धरून शोध सुरू केला. पूर्वेकडच्या ठिकाणी काही मिळाले नाही. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळच्या रानात एका निष्पर्ण झाडावर एक पिंगळा उन्हात बसलेला दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, छातीवर सलग तपकिरी पट्टा, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, पायांवर दाट पांढरी पिसे. पक्षी समोर बसून राहिला आणि तिघांना फोटो व व्हिडिओ घेता आले. ११३ वर्षांनंतरचा पुरावा एकही पिसू न हलवता मिळाला. पुढे मेळघाटात, यावलच्या रानात आणि २०१४ साली मुंबईहून फार दूर नसलेल्या तानसा अभयारण्यातही हा पक्षी सापडला.

या हकिकतीत माझ्या मते खरा मान डेव्हिडसन यांच्या चिठ्ठीचा आहे. हातातला पक्षी पुढे शंभर वर्षे कुणाला दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक असणे शक्यच नव्हते. त्यांनी नेहमीप्रमाणे तारीख आणि ठिकाण लिहिले, एवढेच. आपण काढलेल्या फोटोंपैकी कोणता फोटो पुढे असा कामाला येईल, हे आपल्यालाही ठाऊक नसते. म्हणून चिठ्ठी सगळ्यांनाच बांधावी लागते, बुलबुलालासुद्धा.

फोटोची चिठ्ठी जुन्या चिठ्ठीपेक्षा जास्त सांगू शकते. फुलपाखरांच्या बाबतीत तर तिच्यावाचून अडूनच बसते. आपल्याकडे रुईवर वाढणारे प्लेन टायगर हे नारिंगी फुलपाखरू सर्वांनी पाहिलेले असते. त्याची अळी रुईचा चीक पचवते आणि त्यातले विष अंगात साठवते. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लाय या दुसऱ्याच उपकुळातल्या, बिनविषारी फुलपाखराची मादी हुबेहूब तशीच दिसते. नराचा मात्र काहीच संबंध नाही. तो काळा, पंखांवर मोठे पांढरे ठिपके असलेला. उडत्या मादीला पाहून भलेभले फसतात. फोटोत मागचा पंख नीट आला असेल तर निकाल लागतो: खऱ्या प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन-चार काळे ठिपके असतात, नकली मादीच्या पंखाला वरच्या कडेशी एकच. आणि फोटोखाली ‘घोळावर अंडी घालताना’ असे तीन शब्द लिहिलेले असतील, तर पंख पाहायचीही गरज नाही. प्लेन टायगरची मादी घोळावर अंडी घालत नाही, डॅनेड एगफ्लायची घालते. आपण जिची भाजी करतो तीच ही घोळ. हे तीन शब्द लिहायला वनस्पतिशास्त्र लागत नाही. घरातल्या आजीला विचारले तरी पुरते.

तारखेचेही तसेच. कॉमन ईव्हनिंग ब्राऊन हे तिन्हीसांजेला उडणारे तपकिरी फुलपाखरू घ्या. त्याची अळी गवतावर आणि भातावर वाढते. पावसाळ्यातल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखी ठसठशीत वर्तुळे असतात. कोरड्या दिवसांतल्या पिढीत ती नाहीशी होतात आणि पंख वाळक्या पानासारखे दिसू लागतात. त्यातही दोन पंख एकसारखे सापडायचे नाहीत. हिरव्या गवतात वावरताना सरड्याची किंवा पक्ष्याची झडप डोक्याऐवजी पंखाच्या कडेवरच्या खोट्या डोळ्यावर पडावी, आणि पाचोळ्यात बसावे लागते तेव्हा पाचोळाच व्हावे, असा हा हिशेब आहे. अळी वाढत असतानाच्या हवेवर कोणता वेष मिळणार ते ठरते. आता विचार करा, पाऊस लांबला, थंडी उशिरा आली, तर वेष बदलण्याचे दिवसही पुढे सरकतील का? याचे उत्तर कुठल्याही एका शास्त्रज्ञाला चार दिवसांच्या दौऱ्यात मिळणार नाही. ठिकठिकाणच्या हौशी माणसांचे तारीखवार, वर्षानुवर्षांचे फोटो एकत्र आले तरच मिळेल. फुलपाखरू दुर्मीळ असायची गरज नाही, परसातले चालेल.

पंखांच्या दोन्ही बाजू घ्याव्यात, हेही इथेच सांगून टाकतो. पंख उघडून ऊन घेणाऱ्या फुलपाखराचा वरून काढलेला फोटो भिंतीवर शोभतो. पण निळ्या चिमुकल्या फुलपाखरांची ओळख पटते ती मिटलेल्या पंखांच्या खालच्या बाजूवरच्या रेषा-ठिपक्यांवरून. नुसत्या निळाईच्या फोटोखाली तज्ज्ञ प्रश्नचिन्ह टाकतात आणि फोटो काढणारा रुसतो, असे मी अनेकदा पाहिले आहे.

फुलांकडे वळले की अडचण आणखी वाढते, कारण फूल इतके सुंदर असते की बाकी झाड कुणाला दिसतच नाही. साताऱ्याजवळच्या कास पठारावर भाद्रपद-आश्विनात गेलात तर हे रोज पाहायला मिळते. जांभ्या दगडाच्या सड्यावर वीतभर माती, चार महिने पाणी आणि आठ महिने कोरडा ठणठणाट. एवढ्या भांडवलावर तिथे तेरडा, कवला, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे उमटतात. २०१२ साली पश्चिम घाटातली ३९ ठिकाणे जागतिक वारसा ठरली, त्यांत कास आहे. प्रत्येक जण वाकून फुलाचा जवळून फोटो घेतो. पण पुष्कळ वनस्पतींची ओळख ठरते ती पानांची मांडणी, खोडावरची लव, फुलाच्या मागचे निदल, फळ आणि बी यांवरून. कवल्याच्या भावंडांमध्ये पिवळी पाकळी सगळ्यांची सारखीच मोहक. फरक पाहायचा तर फुलाच्या पाठीमागे जावे लागते. गेंदाची पांढरी बटणे तर कितीही चांगल्या लेन्सने टिपली तरी जात ठरेलच असे नाही. त्या एका बटणात असंख्य सूक्ष्म फुले असतात, आणि ती व त्यांचे बी भिंगाखाली पाहावे लागते. फोटोची मर्यादा इथे संपते, हे मान्य करावे. ‘गेंद, जात अनिश्चित’ असे लिहिणे हीसुद्धा चांगली चिठ्ठी आहे. अंदाजाने ठोकून दिलेल्या लॅटिन नावापेक्षा कितीतरी चांगली.

सीतेच्या आसवांचे रोप चिखलातल्या सूक्ष्म जिवांना बारीक पिशव्यांत ओढून खाते. या पिशव्या जमिनीखाली असतात आणि कुठल्याच फोटोत येत नाहीत. रोप उपटून त्या दाखवण्याचा मोह काही उत्साही मंडळींना होतो. पुस्तकात त्यांची उत्तम रेखाचित्रे आहेत, तेवढ्यावर भागवावे.

चिठ्ठीचा निम्मा भाग आजकाल कॅमेरा आपण होऊन लिहितो. तारीख, वेळ, कॅमेऱ्याचे मॉडेल आणि सोय असेल तर अक्षांश-रेखांश फोटोच्या फाइलच्या पोटात साठवले जातात. मात्र कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर तो इमानेइतबारे चुकीची तारीख लिहीत राहतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की पोटातली ही माहिती गळून पडते. म्हणून मित्राकडून आलेला फोटो हा बहुधा पायाला चिठ्ठी नसलेला पक्षी असतो. मूळ फाइल जपावी. गाव, तालुका, माळ की ओढा की ऊसपट्टा, जनावर काय करत होते, कशावर बसले होते, या गोष्टी कॅमेऱ्याला कळत नाहीत. त्या आपणच, त्याच संध्याकाळी लिहायच्या. आठवड्याने लिहू म्हणणाऱ्यांचे काय होते, हे दिवाळीनंतर फराळाचा हिशेब मांडणाऱ्याला विचारा.

अशा नोंदींचा पुढे काय उपयोग होतो, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. २०२३ साली भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो अहवाल निघाला, तो ३०,०००हून अधिक पक्षिनिरीक्षकांनी ‘ईबर्ड’वर भरलेल्या ३ कोटींपेक्षा जास्त नोंदींवर उभा आहे. त्यांतले बहुसंख्य माझ्यासारखेच हौशी. एखाद्याने अनपेक्षित पक्षी नोंदवला की तपासणारे लोक आधी फोटो मागतात. फुलपाखरांसाठी बंगळुरूहून चालवला जाणारा ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ हा प्रकल्प तर फोटोंवरच उभारलेला आहे आणि त्यात तारीख व ठिकाण लागतेच.

आता चिठ्ठीची दुसरी बाजू. ठिकाण लिहायचे म्हणजे ते सर्वांना सांगायचे, असे नाही. पक्ष्याच्या घरट्याचा फोटो आणि खाली गावाचे नाव असे पहाटे झळकले, की दुपारपर्यंत चार गाड्या आणि रविवारी चौदा गाड्या, हे चित्र आता नवे राहिलेले नाही. टिटवी उघड्या माळावर खड्यांमध्ये अंडी घालते. वैशाखाच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरून बसते, इतकेच काय, पाण्यात पोटाची पिसे भिजवून आणून अंडी गार करते. लेन्स रोखून बसलेल्या माणसामुळे ती दूर ओरडत उभी राहिली, तर तेवढा वेळ अंडी तव्यावर असतात. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते. फटीपुरती जागा ठेवून दार लिंपलेले असते. मोठ्या धनेशात हा मुक्काम तीन-चार महिन्यांचा. तिचे आणि पुढे पिल्लांचे पोट वडा-उंबराची फळे घेऊन येणाऱ्या नरावर अवलंबून. खाली माणसांचा घोळका दिसला की नर बिचकतो आणि फळे घेऊन लांब बसून राहतो. शिवाय धनेशाची जोडी तीच ढोली वर्षानुवर्षे वापरते. एकदा फुटलेला पत्ता पुढची कित्येक वर्षे फुटलेलाच राहतो.

फार थोड्या छंदिष्टांना हे ठाऊक असते की १९७२च्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे धरलेले आहे. बंदूक टाकून कॅमेरा घेतलेला माणूस घरट्यासमोरची ‘आड येणारी’ फांदी तोडतो, तेव्हा कायद्याच्या भाषेत तो कुठे जाऊन बसतो, ते ज्याचे त्याने पाहावे. माझे मत सरळ आहे: घरट्याचा फोटो हौसेसाठी काढूच नये. दुरून, वाटेवरून, सहज दिसले तर नोंद करावी आणि निघावे. आवाज वाजवून पक्षी बोलावण्याबद्दलही हेच. रानपिंगळ्याच्या सर्वेक्षणात संशोधकांनी त्याची हाक वाजवली ती ठरावीक वेळ, ठरावीक ठिकाणी आणि परवानगी घेऊन. तीच हाक मोबाइलवर रोज सकाळी नव्या पाहुण्यांसाठी वाजू लागली, तर तो पक्षी आपल्या हद्दीत घुसलेल्या, कधीच न दिसणाऱ्या शत्रूला हाकलण्यातच दिवस घालवेल.

म्हणून मी दोन चिठ्ठ्या ठेवतो. पहिली माझ्या वहीत आणि फाइलमध्ये, पूर्ण: गाव, ओढा, कितवे झाड. दुसरी लोकांसाठी: जिल्हा आणि महिना. आता बहुतेक नोंदसंस्थांतही नाजूक जातींचे नेमके ठिकाण झाकण्याची सोय असते. काही मंडळी मात्र दुसऱ्या टोकाला जातात आणि कुठेच काही लिहीत नाहीत. पत्ता गुप्त ठेवणे आणि पत्ता नसणे यांत तिजोरी आणि हरवलेले पाकीट यांच्याइतका फरक आहे.

तो फरक मला अलीकडे रोज दिसतो. आमचे एक स्नेही २०२१ साली गेले. नोकरी सांभाळून बारा-तेरा वर्षे त्यांनी सह्याद्री पालथा घातला होता. त्यांच्या मुलाने वर्षभरापूर्वी मला चार हार्डडिस्क आणून दिल्या. आत ‘कास’, ‘कास नवीन’, ‘फुले बेस्ट’, ‘निवडक’ अशी फोल्डरे. स्पर्धांना पाठवण्यासाठी बहुतेक फोटो दुरुस्त करून नव्याने साठवलेले, त्यामुळे त्यांतल्या पुष्कळांच्या पोटातल्या तारखा गेलेल्या. मूळ फाइली जागा करण्यासाठी पुसलेल्या. वही नाही. माणूस नजरेचा इतका तयार होता की त्याला ती लागतच नसावी.

आम्ही दोघे जमेल तसे पत्ते शोधतो आहोत. काही फोटो स्वतःच बोलतात. एका तारीख नसलेल्या फोटोत आख्खा उतार कारवीने जांभळा झालेला आहे आणि मागे कान्हेरीच्या लेण्यांचा कातळ ओळखू येतो. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. बोरिवलीच्या रानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. स्नेह्यांनी तो कॅमेरा घेतला २०१०च्या सुमारास, आणि २०२४ त्यांनी पाहिलेच नाही. म्हणजे साल २०१६. ईव्हनिंग ब्राऊनच्या फोटोंतून निदान पावसाळा की उन्हाळा एवढे तरी ठरते. पण कंदीलपुष्पांचे, म्हणजे खर्पुडीचे, अकरा फोटो आहेत आणि तिथे आमची मती खुंटते. खर्पुडीच्या काही जाती एखाद-दुसऱ्या डोंगरापुरत्याच उरलेल्या आहेत. कंद खाल्ले जातात, उपटून नेले जातात. त्यामुळे कोणत्या डोंगरावर, हाच खरा प्रश्न. आणि फोटो इतके कसबाने काढलेले की पार्श्वभूमी पूर्ण विरघळलेली, दगड नाही, झाड नाही, नुसता हिरवा रंग.

मुलाने वडिलांच्या जुन्या वारीतल्या सोबत्यांना फोन करायला सुरुवात केली. एकांना आठवले की त्या दिवशी गाडी घाटात पंक्चर झाली होती. त्यावरून गॅरेजवाल्याचा गाव निघाला आणि तीन फोटो जागेवर बसले. आठ राहिले आहेत. सोबत्यांपैकी आता एकच गृहस्थ उरलेत, जे बहुतेक फेऱ्यांना बरोबर असत. त्यांना ऐकू कमी येते, फोनवर जमत नाही. पुढच्या रविवारी लॅपटॉप घेऊन आम्ही त्यांच्याकडे जाणार आहोत.